बाग आणि मैदान : एका सहलीचे दोन निबंध



"आम्ही सकाळी लवकर उठलो. आम्हाला खूप आनंद झाला होता. बस आली. आम्ही बसमध्ये बसलो. आम्ही अनेक प्रेक्षणीय स्थळे पाहिली. आम्ही खूप मजा केली. अशा प्रकारे आमची सहल आनंदात संपन्न झाली."

सहावी-सातवीचे सहलीचे निबंध ज्यांनी तपासले आहेत त्यांना ही वाक्यं तोंडपाठ असतील. दोन वर्षांपूर्वी साखरशेतच्या मुलांच्या वह्या माझ्यासमोर होत्या आणि प्रत्येक वहीत हाच निबंध. 'संपन्न' हा शब्द आमच्या पाड्यांवर कोणी बोलत नाही, पण वहीत मात्र सगळ्यांकडे होता. आधी मुलांचा राग आला. मग त्या सहलीचा दिवस आठवून पाहिला, तेव्हा राग स्वतःकडे वळला. त्या वर्षी मी एका दिवसात पाच ठिकाणं ठेवली होती. निम्मा दिवस बसमध्ये गेला, तीन-चार पोरांना उलट्या झाल्या आणि उतरल्यावर प्रत्येक ठिकाणी आमचं एकच : "चला चला, रांगेत चला, उशीर होतोय." मुलांनी त्या दिवशी काय केलं? बसमध्ये चढली आणि उतरली. तेच त्यांनी लिहिलं.

पुढच्या वर्षी ठिकाणं दोनच ठेवली. एक शांत, एक गजबजलेलं. सकाळी राणीबाग, दुपारी आझाद मैदान. या लेखात त्या दिवसाची आखणी, दोन्ही ठिकाणांची थोडी माहिती आणि परतल्यावर घेतलेला निबंधाचा पाठ सांगते.

दोनच ठिकाणं का?

मराठीच्या तासाला आपण नाम, विशेषण, क्रियापद वेगवेगळे शिकवतो. पण मुलाला ते वेगळे *लागतात* कधी? बागेत शांत बसलं की फारसं काही घडत नाही. मग नजर वस्तूंवर थांबते : हे काय आहे, कसं आहे, कशासारखं दिसतं. इथे नामं, विशेषणं आणि उपमा लागतात. वाक्यं लांब होतात. मैदानावर याच्या अगदी उलट. तिथे क्षणाक्षणाला काहीतरी घडतं. धावला, सुटला, झेपावला, अडवला! इथे क्रियापदं लागतात, 'अरे!', 'शाब्बास!', 'अरेरे!' अशी केवलप्रयोगी अव्ययं लागतात आणि वाक्यं तोकडी होतात.

एकाच दिवसात दोन्ही मिळाली की फरक मुलांच्या कानाला आपोआप कळतो. तो व्याकरणाच्या तासाला कळवायला मला कधीच जमलं नव्हतं.

दुसरं कारण मुलांच्या स्वभावाचं आहे. काही मुलं शांततेत फुलतात, काही गोंगाटात. सगळा दिवस एकाच प्रकारचा ठेवला तर अर्धा वर्ग कोरडाच परत येतो.

सकाळ : राणीबाग

जव्हारहून विक्रमगड, मनोरमार्गे महामार्गाला लागलं की मुंबई गाठायला साडेतीन-चार तास लागतात. म्हणून पहाटे पाचला निघालो. वार मुद्दाम मधला निवडला. रविवारी राणीबागेत इतकी गर्दी असते की शांतता शोधावी लागेल. आणि बुधवारी बाग बंद असते, हे तारीख ठरवतानाच लक्षात ठेवा.

भायखळ्याची ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन. राणीच्या नावाची म्हणून लोकांनी तिला 'राणीची बाग' म्हटलं आणि पुढे 'राणीबाग' हेच नाव रूढ झालं. आजचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले यांचं आहे. प्राणिसंग्रहालय नंतर, १८९० च्या सुमारास आलं. म्हणजे ही जागा मुळात झाडांची. वाघ आणि पेंग्विन बघायच्या घाईत आपण हे विसरतो. इथे अडीचशेहून जास्त जातींची झाडं आहेत. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्याही आहेत.

मुलांना आधी सांगून ठेवलं होतं : प्राणी शेवटी बघायचे. आधी प्रत्येकाने एक झाड निवडायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि वीस मिनिटं बोलायचं नाही. वहीत पाच गोष्टी टिपायच्या : काय दिसलं, काय ऐकू आलं, वास कसा, स्पर्श कसा आणि हे बघून घरचं काय आठवलं. झाडाला हात लावायची मनाई असेल तिथे खाली पडलेलं पान किंवा फूल बघायचं. तोडायचं काही नाही.

बघण्यासारखी काही झाडं शिक्षकांनी आधी माहीत करून घ्यावीत :

- गोरखचिंच. मूळची आफ्रिकेतली. खोड अवाढव्य, फुगलेलं. त्यात ती पाणी साठवते. हिवाळ्यात पानं गळून उभी असेल तर मुलांना ती वाळलेली वाटते. 'ही जिवंत आहे का?' एवढाच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. खोडाला वेढा घालायला किती मुलांचे हात लागतील, याचा अंदाज करायला सांगा.
- कैलासपती. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात. फुलाच्या आत शिवलिंग आणि त्यावर नागाचा फणा असावा तसा आकार दिसतो, म्हणून हे नाव. फळं तोफेच्या गोळ्यांसारखी. खाली उभं राहू नका.
- उर्वशी. ब्रह्मदेशातून आलेलं झाड. फुलोऱ्यात असेल तर लाल फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबताना दिसतात.
- सीतेचा अशोक. आपल्याकडे ज्या उंच, सरळ, हिरव्या झाडाला अशोक म्हणतात ते वेगळं. खऱ्या अशोकाला केशरी फुलांचे गुच्छ येतात. दोन्ही पानं शेजारी ठेवून फरक लिहायला लावा.

पहिली पाच मिनिटं खुसखुस चालली. मग हळूहळू सगळे गप्प झाले.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. घरी वारली बोलतात. वाचायला उभी केली की अर्धं वाक्य गिळते. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. वीस मिनिटं संपली तेव्हा ती एका उंबरासमोर उभी होती. मला म्हणाली,

"बाई, ह्याला पाटी कशाला लावली? उंबर कोणाला माहीत नाही?"

मी म्हटलं, "इथे येणाऱ्या पुष्कळांना माहीत नसतो."

तिला ते खरंच वाटेना. मग ती सांगायला लागली. उंबराचं फळ फोडलं की आत बारीक किडे निघतात. उंबर जिथे असतो तिथे खाली पाणी असतं, असं तिची आजी म्हणते. पिकला की पाखरं नुसती तुटून पडतात. मग मला हाताला धरून कैलासपतीपाशी नेलं आणि म्हणाली, "ह्याचं पण बघा, उंबरासारखंच. फळ खोडाला लागतं, फांदीला नाही."

दोन वेगवेगळ्या खंडांतली झाडं, आणि त्यांच्यातलं साम्य तिने स्वतः हेरलं. पाटीवर ते लिहिलेलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. आणि हे सगळं सलग सात-आठ वाक्यांत, कुठेही न गिळता. सहा महिन्यांत मी तिची एवढी वाक्यं ऐकली नव्हती.

त्यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपली मुलं बागेत पाहुणी म्हणून जातात, पण झाडांच्या बाबतीत ती पाहुणी नसतात. साग, ऐन, मोह, पळस, करवंद हे त्यांना पाटीशिवाय कळतं. मग त्यांना आणखी एक गंमत सांगितली. आपल्या जव्हारचा काजूसुद्धा मूळचा इथला नाही. ब्राझीलकडून पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. "म्हणजे काजू पण गोरखचिंचेसारखाच पाहुणा?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "पाहुणा कसला, आता घरचाच झाला."

प्राणी बघून झाल्यावर शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती मात्र जरूर दाखवा. तो घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा हे नाव पडलं. संग्रहालय १८७२ सालचं आहे. पण आत जाऊ नका. ते वेगळ्या दिवसाचं काम आहे. आम्ही हत्ती बघून बाहेर पडलो.

दुपार : आझाद मैदान

डबे खाऊन मुलांना आझाद मैदानावर नेलं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जवळच हे मैदान. हिवाळ्यात इथे शाळांच्या स्पर्धांचे सामने चालतात. पण एक सामना नव्हे! हे मैदान ओळखलं जातं ते त्याच्या २२ खेळपट्ट्यांमुळे. एका वेळी कितीतरी सामने शेजारी शेजारी चालू असतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा. आमच्या पोरांना पहिली दहा मिनिटं कळेचना की कोण कोणाचा.

इथेच फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिन तेंडुलकर तेव्हा १४ वर्षांचा होता, नाबाद ३२६. विनोद कांबळी १६ वर्षांचा, नाबाद ३४९. "आपल्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा?" सातवीतला एक जण म्हणाला आणि खेळपट्टीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला.

इथे बोलायला बंदी नव्हती. उलट ओरडायला मुभा होती. सीमारेषेच्या बरंच बाहेर मुलांना बसवलं. "बाई, आपण कोणाच्या बाजूने?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी हरणाऱ्या संघाची बाजू घेतली. मग काय विचारता! त्या संघातल्या एकाही मुलाचं नाव माहीत नसताना आमची पोरं घसा बसेपर्यंत ओरडली. मध्येच शेजारच्या सामन्यातला चेंडू घरंगळत आमच्यापाशी आला. आमच्यातल्या एकाने तो उचलून जोरात परत फेकला. पलीकडच्या क्षेत्ररक्षकाने हात वर करून "थँक यू, भाई" म्हटलं. हा प्रसंग पुढे सगळ्या निबंधांत आला. एका निबंधात तर तो चेंडू आमच्या मुलाने झेलला, असंही आलं. निबंधात तेवढं चालतं!

गंमत म्हणजे बागेत जो मुलगा दोन मिनिटं एका जागी बसला नव्हता, तो इथे दीड तास जागचा हलला नाही.

निघण्यापूर्वी मुलांना या मैदानाची आणखी एक गोष्ट सांगितली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी मुंबईला आला होता. त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. शेवटच्या रात्री ते मुंबईत सोमय्या मैदानावर मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. दिवसा मोर्चा निघाला तर रस्ते अडतील, पोरांना परीक्षेला पोहोचायला उशीर होईल. म्हणून थकलेली ती हजारो माणसं रात्रीच पुन्हा चालत निघाली आणि पहाटे याच आझाद मैदानात येऊन बसली.

बसमध्ये एक मुलगा हळूच म्हणाला, "माझा काका आलेला." मग त्याला सगळ्यांनी गराडाच घातला.

परतल्यावर : फळ्यावर दोन रकाने

निबंध दुसऱ्याच दिवशी घ्या. आठवडा गेला की 'मजा केली' एवढंच उरतं. आम्ही असं केलं :

१. शब्द गोळा करणे. फळ्यावर दोन रकाने, 'बाग' आणि 'मैदान'. मुलं सांगतील तो शब्द लिहायचा. घरच्या बोलीतला आला तरी लिहायचा. बागेच्या रकान्यात आलं : गार, खरबरीत, जाडजूड, कुजकट वास, सावली, मुंग्यांची रांग. मैदानाच्या रकान्यात : हाणला, घसरला, पळ पळ, आउट, अरे बापरे, धूळ उडाली.

२. निरीक्षण. आता विचारा, कोणत्या रकान्यात क्रियापदं जास्त? विशेषणं कुठे? मुलंच सांगतात. व्याख्या नंतर सांगा.

३. दोन परिच्छेद. सगळा दिवस लिहायचा नाही. बागेतली फक्त पाच मिनिटं आणि मैदानावरची फक्त पाच मिनिटं. 'मजा', 'आनंद' आणि 'सुंदर' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. एवढ्या एका अटीने निम्मं काम होतं.

४. बोलीतले शब्द. पहिल्या खर्ड्यात बोलीतला शब्द खोडू नका. दुसऱ्या खर्ड्यात त्याच्या शेजारी प्रमाण मराठीतला शब्द मुलालाच शोधू द्या. आपण लाल शाईने खोडलं की पुढच्या वेळी मूल तो शब्द लिहितच नाही आणि गाईडमधला 'संपन्न' उचलतं.

५. वाचन. मोठ्याने वाचायचं. बागेचा परिच्छेद सावकाश, मैदानाचा समालोचनाच्या चालीवर. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं समालोचन करत, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. मुलांना त्यांच्याकडून ऐकायला सांगा. बागेच्या परिच्छेदासाठी वरच्या वर्गांना दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'मधलं एखादं पान वाचून दाखवता येईल.

नमुन्यासाठी दोन छोटे परिच्छेद देते. मुलांच्या वाक्यांवरून मीच जुळवले आहेत. पाठ करायला देऊ नका, फक्त फरक दाखवायला वापरा.

*बाग :* "गोरखचिंचेचं खोड आमच्या घराच्या कुडापेक्षा जाड होतं आणि त्यावर म्हशीच्या पाठीसारख्या राखाडी सुरकुत्या होत्या. एकही पान नव्हतं, तरी वर कुठेतरी एक पक्षी सारखा बोलत होता. खालची माती गार होती. मला वाटलं, हे झाड झोपलंय आणि आपण त्याच्या अंगणात बसलोय."

*मैदान :* "चेंडू उंच गेला. खालचा मुलगा मागे मागे पळाला. अडखळला. आम्ही ओरडलो, 'पकड!' त्याने हात पुढे केले. चेंडू हातात बसला, उडाला, पुन्हा बसला. आउट! धुळीत लोळत होता, पण चेंडू सोडला नाही."

पहिल्यात चार वाक्यं, दुसऱ्यात जवळपास दुप्पट. ती मुलांना मोजायलाच लावा.

मुंबई जमली नाही तर?

मुंबईची सहल दरवर्षी परवडत नाही, हे मला माहीत आहे. पाठ मात्र जव्हारमध्येच करता येतो. सकाळी मुकणे संस्थानिकांचा जय विलास राजवाडा आणि भोवतीची काजूची झाडी (आत जाता येईल का, हे आधी विचारून ठेवा), किंवा शिरपामाळावर निवांत बसणं. दुपारी तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांतला एखादा कबड्डी किंवा खो-खोचा सामना. तेही नसेल तर शाळेमागचं झाड आणि शाळेचंच मैदान.

क्रियापदांसाठी तर खो-खोसारखा खेळ नाही. आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले, नववा पाठलाग करणारा आणि आत पळणारे तिघे. खो दिला, उठला, हूल दिली, वळला, खांब धरला, सूर मारला : दोन मिनिटांत डझनभर क्रियापदं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मुलांना हे नक्की सांगा.

आखणी करताना

- पालकांची लेखी संमती आणि वरिष्ठांची परवानगी आधी घ्या. शालेय सहलीसाठी एसटी सवलतीत मिळते, आगारात लवकर चौकशी करा.
- आधी शांत, मग गजबज. उलट केलंत तर मैदानावरून आलेली मुलं बागेत गप्प बसणार नाहीत.
- दहा मुलांमागे एक मोठं माणूस. मैदानावर सीमारेषेपासून लांब बसा, कडक चेंडू लागतो.
- पाण्याच्या बाटल्या, टोप्या, प्रथमोपचार पेटी, उलटीसाठी पिशव्या.
- छोटी वही आणि पेन्सिल. मोबाइल फक्त शिक्षकांकडे.

पालकांसाठी एवढंच

मूल सहलीहून आलं की आपण विचारतो, "मजा आली का?" ते म्हणतं, "हो." संपलं. त्याऐवजी दोन प्रश्न विचारून बघा : "सगळ्यात शांत जागा कुठली होती?" आणि "सगळ्यात मोठा आवाज कशाचा झाला?" मग कामं बाजूला ठेवून ऐका. मूल घरच्या भाषेत सांगेल. सांगू द्या. निबंध तिथूनच सुरू होतो.

त्या मुलीच्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं : "मुंबईत उंबराला पाटी लावतात." पुढे शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या मी पेन्सिलीने खुणा करून तिला दाखवल्या आणि तिने दुरुस्त केल्या. पहिल्या वाक्याला मी हात लावला नाही. परिपाठाच्या वेळी तिनेच तो निबंध वाचला. आवाज बारीक होता, पण शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू आला.

आपल्या वर्गात हा पाठ करून बघा.